कॅझ सोबचाकच्या गाडीचं बरोबर इंजिन

आमच्या गावात चारचौघांत एखाद्याला पगार विचारावा, वजन विचारावं, फार तर दुसऱ्या लग्नाचं कारण विचारावं; पण अमुक सालच्या अमुक गाडीचं इंजिन कुठल्या रंगाचं होतं, हे मात्र विचारू नये. गाव डेट्रॉईटच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. इथल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस मोटारींच्या कारखान्यात राबलेला असतो, आणि उरलेले त्याच्या शेजारी राहून तज्ज्ञ झालेले असतात. मी स्वतः शाळाखात्याच्या कचेरीत कारकून. खऱ्या गाडीचं चाक बदलायची वेळ आली की मी रस्त्याच्या कडेला उभा राहून कोणी ओळखीचं येतंय का ते बघतो. पण गाडी वीतभर लांबीची असेल, तर नॉर्बर्ट कुलासचा, म्हणजे माझा, हात धरणारा या जिल्ह्यात कोणी नाही, असं माझं मत होतं. 'होतं' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची पेटी आणायची आणि साठ-सत्तर सालातल्या त्या दांडग्या इंजिनाच्या 'मसल' गाड्या हुबेहूब उभ्या करायच्या, हा माझा छंद. बायको, म्हणजे रोझली, याला 'तुझी खेळणी' म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते. "बाकीच्या बायकांचे नवरे तळघरात बाटल्या लपवतात, माझा नवरा गाड्या लपवतो," असंही म्हणते, आणि पाहुणे हसतात. मी हसत नाही. त्या गाड्यांचं बॉनेट नखाने उचललं तर खाली स्पार्क प्लगच्या तारा असतात. केसाएवढ्या बारीक, आणि ज्या क्रमाने खऱ्या गाडीत जातात त्याच क्रमाने गेलेल्या. आमच्या मॉडेल मंडळाचे अध्यक्ष ऑर्व्हिल टीग हे धंद्याने दंतवैद्य. स्पर्धेच्या दिवशी ते दात तपासायचा आरसा आणि छोटी बॅटरी घेऊन प्रत्येक बॉनेटखाली वाकून बघतात आणि "हं, इथे कीड आहे," म्हणतात. माझ्या इंजिनात त्यांना आजवर कीड सापडली नव्हती.

तर त्या शरद ऋतूत समोरच्या घरातल्या लॉटीबाई सोबचाक सफरचंदाचा केक घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा नवरा कॅझ आदल्या हिवाळ्यात गेला होता. घर विकून त्या मुलीकडे, लांब ऑरेगनला राहायला निघाल्या होत्या. केक टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"नॉर्बर्ट, तुझ्याकडे एक काम होतं रे. कॅझची गाडी करून देशील मला? छोटीशी. खिडकीत ठेवायला. मोठी काही नेता यायची नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे गाडी मागितली होती. मी रोझलीकडे असं बघितलं की तिने केक कापायला घेतला.

"आणि बॉनेट उघडतं ठेव हं," लॉटीबाई म्हणाल्या. "इंजिन दिसलं पाहिजे."

माझी छाती फुगली. इंजिनाचं मोल जाणणारी बाई मला उभ्या जन्मात भेटली नव्हती.

आता ही गाडी कुठल्या कंपनीची, ते मी सांगणार नाही. आमच्या गल्लीत निम्मे लोक एका कंपनीचे आणि निम्मे दुसरीचे, आणि मला अजून इथेच राहायचंय. एकोणसत्तर सालची, निळी, लांबलचक गाडी, एवढं पुरे. उन्हाळ्यापासून बर्फ पडेपर्यंत दर रविवारी आमच्याकडचे लोक आपापल्या जुन्या गाड्या किराणा दुकानाच्या मोठ्या पटांगणात लावतात, बॉनेटं उघडतात आणि शेजारी घडीची खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याचं कौतुक झेलत बसतात. कॅझही जायचा, खुर्ची टाकायचा, पण बॉनेट उघडायचा नाही. आमच्या गावात बॉनेट न उघडणारा माणूस म्हणजे लग्नात तोंडावरून पदर न काढणारी नवरी. इंजिन बदललेलं आहे, चोरीचं आहे, दुसऱ्या कंपनीचं आहे, अशा नाना वावड्या उठायच्या. कॅझ नुसता हसायचा आणि लॉटीबाई त्याच्या शेजारी विणत बसायच्या.

दुसऱ्या दिवशी मी टेप, वही आणि भिंग घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. लॉटीबाईंनी स्वतः बॉनेट उचललं.

इंजिन पिवळं होतं.

रंगवलेलं होतं म्हणण्यापेक्षा माखलेलं होतं. घराच्या भिंतींना लावतात तो लोण्यासारखा रंग, हाताला लागेल त्या ब्रशाने फासलेला. ब्रशाचे केससुद्धा त्यात वाळून चिकटले होते. मला घेरी यायची बाकी राहिली. हे कोणालाही का दाखवलं नव्हतं, ते माझ्या एका क्षणात लक्षात आलं, निदान तसं मला वाटलं. बिचाऱ्या कॅझला काही कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं हे मात्र कळत होतं.

लॉटीबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "आम्ही हे कधी कोणाला दाखवलं नाही बरं का. त्याचं असं झालं होतं, की माझ्या स्वयंपाकघरात—"

"राहू द्या, लॉटीबाई," मी समजूतदारपणे म्हणालो. "मला सगळं लक्षात आलं." आणि टेप उघडून मापं घ्यायला लागलो. त्या गप्प झाल्या. मी त्यांची लाज राखली, या समाधानात मी घरी आलो, आणि येता येता ठरवूनही टाकलं: या बाईला मी गाडी देईन ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होती तशी. कॅझची चूक तिच्या खिडकीत जाता कामा नये.

मग प्रश्न आला तो कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा इंजिन कुठल्या रंगाचं होतं, हा.

माझ्या डाव्या कुंपणापलीकडे व्हर्जिल राहतो आणि उजव्या कुंपणापलीकडे ब्रूनो. दोघेही त्याच कारखान्यात, त्याच साली, त्याच रांगेत उभे होते. मी आपलं सहज व्हर्जिलला विचारलं.

"नारिंगी," तो म्हणाला. "ह्या हातांनी बसवलीयत मी."

"कोण म्हणतं नारिंगी?" उजवीकडून ब्रूनो ओरडला. माणसाला एरवी बायकोची हाक ऐकू येत नाही. "फिरोजी! नारिंगी नंतर आला!"

"तू तेव्हा दांडी मारून मासे धरायला जायचास, तुला काय माहीत?"

"मासे धरत होतो म्हणून डोळे शाबूत राहिले! तू प्यायलेला असायचास, तुला सगळंच नारिंगी दिसायचं!"

हे सगळं माझ्या अंगणातून, माझ्या डोक्यावरून चाललं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन तट पडले. व्हर्जिलच्या बायकोने ब्रूनोच्या बायकोकडून उसना आणलेला कुकर न धुता परत केला. रोझली म्हणाली, "एका खेळण्यासाठी तू यादवी लावलीस." खेळणं नाही, मॉडेल, असं मी म्हणालो, पण ते दार लागल्यावर.

मग मी थेट कंपनीला फोन केला. बाईंनी गोड आवाजात गाडीचं साल विचारलं, मॉडेल विचारलं, तक्रार काय ती विचारली.

"तक्रार नाही, बाई. इंजिनाचा रंग हवाय."

"रंग गेलाय का?"

"नाही, लावायचाय."

"गाडी सध्या कुठे आहे?"

"टेबलावर."

मग त्यांनी गाडीची लांबी विचारली. मी खरी सांगितली. त्यांनी मला खेळणी घशात अडकून गुदमरणाऱ्या मुलांच्या सुरक्षेचा जो विभाग असतो, तिकडे जोडून दिलं. तिथल्या माणसाने माझं वय लिहून घेतलं आणि घरी कोणी मोठं माणूस आहे का, असं विचारलं. मी रोझलीला फोन दिला नाही, एवढी लाज मी राखली.

शेवटी रविवारी किराणा दुकानाच्या पटांगणात गेलो. तशीच एक गाडी उभी होती. मालक खायला गेला होता, पण बॉनेट लावून. आता कारखान्यात इंजिनावर रंग उडवताना त्याचा फवारा खालच्या नळीवर थोडा पडतो, आणि खरा जाणकार तो फवारा शोधतो. मी ऑर्व्हिलकडून मागून आणलेला दातांचा आरसा आणि बॅटरी घेतली, पाठीवर आडवा झालो आणि गाडीखाली सरकलो. फवारा नारिंगी होता! मी आनंदाने "नारिंगी!" असं ओरडलो. त्याच वेळी माझे दोन्ही पाय कोणीतरी धरले आणि मला बाहेर ओढलं.

वर पोलीस होता, त्याच्या मागे एका हातात सॉसेज-पाव घेतलेला मालक होता, आणि त्याच्या मागे आमच्या चर्चची बरीचशी मंडळी होती. माझ्या शर्टवर तेल होतं, हातात आरसा होता.

"काय चोरत होतास?" पोलिसाने विचारलं.

"रंग बघत होतो, साहेब. इंजिनाचा."

पोलिसाने मला नीट न्याहाळलं. मग खाली वाकून आवाज बारीक करून विचारलं, "नारिंगी का फिरोजी?"

"नारिंगी."

"माझा बाप मरेपर्यंत फिरोजी म्हणायचा," तो म्हणाला, आणि मला सोडण्याऐवजी गाडीच्या मालकाशी त्याचीच जुंपली. मी गर्दीतून निसटलो. चर्चच्या मंडळींपैकी एका बाईंनी रोझलीला फोन करून, मला 'विश्रांतीची गरज आहे' असं आधीच कळवून ठेवलं होतं.

इंजिन मात्र झालं. तारा झाल्या, नळ्या झाल्या. रोझलीच्या एका काळ्या पोशाखातलं इलॅस्टिक कमी झालं, त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. कार्ब्युरेटर एकदा गालिच्यावर पडला आणि तिच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात गेला. तो मी पुढच्या हिरवळीवर पिशवी उलटी करून, चाळण घेऊन शोधला. व्हर्जिल आणि ब्रूनो आपापल्या कुंपणावर हात ठेवून बघत होते. त्यांचं भांडण त्या दिवशी मिटलं, कारण माझ्याबद्दल त्यांचं एकमत झालं.

याच सुमाराला ऑर्व्हिल टीगांचा फोन आला. लॉटीबाईंची खरी गाडी ते विकत घेत होते.

"कुलास, तुम्ही ती आतून पाहिलीय म्हणे. बॉनेटखाली काय आहे?"

एवढा मोठा माणूस माझं मत विचारत होता. माझी जीभ सैल झाली. "विचारू नका, डॉक्टर! भिंतीचा पिवळा रंग फासलाय. सगळा खरवडून टाका. नारिंगी द्या. माझ्याकडे अचूक छटा आहे, मी घोटलीय."

"नमुन्याला बाटली पाठवून द्या," ते म्हणाले. मी स्वतः नेऊन दिली.

लॉटीबाईंना निरोप द्यायला चर्चच्या सभागृहात सगळं गाव जमलं होतं. पिरोगी, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या पोलिश करंज्या होत्या, सॉसेज होतं, आंबट कोबी होती. मी गाडी काचेच्या पेटीत ठेवून आणली होती. ती नुसती देऊन खाली बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला भाषण करायचं होतं.

"मंडळी," मी म्हणालो, "आपल्या कॅझने बॉनेट कधी का उघडलं नाही, हे कोडं आज सुटलंय." मंडळींच्या पिरोगी हातातच राहिल्या. "गड्याने आतलं सगळं इंजिन भिंतीच्या पिवळ्या रंगाने माखून ठेवलं होतं!"

सभागृह हसलं. व्हर्जिल टेबल बडवून हसला. ब्रूनोला ठसका लागला. इतकी वर्षं पडलेलं कोडं असं सुटल्यावर माणसं हसणारच. मला वाटलं ती माझ्या विनोदाला हसतायत. "पण काळजी नको," मी आवाज चढवला, "मी ते दुरुस्त केलंय. लॉटीबाई, ही घ्या तुमची गाडी, जशी असायला हवी होती तशी!"

लॉटीबाई उठल्या. त्यांनी पेटी उघडली आणि नखाने बॉनेट उचललं. बराच वेळ आत बघत राहिल्या. हसू विरत विरत मागच्या टेबलापर्यंत विरलं.

"सुंदर आहे, नॉर्बर्ट," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या नातवाचा फोटो दाखवल्यावर आपण म्हणतो ना, तसं. "कोणाची आहे?"

त्यांनी बॉनेट हलकेच खाली केलं, पेटी माझ्या हातात परत दिली, कोट घातला आणि त्या चालत घरी गेल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं माणसाला कधी वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. पण चर्चच्या सभागृहाची फरशी फार मजबूत आहे.

घरी येताना रोझली फाटकाशी थांबून म्हणाली, "तिकडे जा. गाडी घेऊन जा. आणि जाऊन गप्प बस."

मी गेलो. लॉटीबाई रिकाम्या स्वयंपाकघरात एका खोक्यावर बसल्या होत्या. मी दुसऱ्या खोक्यावर बसलो आणि सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो. शेवटी त्याच बोलल्या.

"लग्न होऊन ह्या घरात आलो तेव्हा मी हे स्वयंपाकघर पिवळं केलं होतं. हौसेनं. कॅझ घरी आला आणि म्हणाला, हे काय, बाळाला उलटी झाली का इथे? मी रडले. मग बोलणंच टाकलं त्याच्याशी. जेवण वाढायचे, पण बोलायचे नाही. एके दिवशी तो मला ओढत गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि बॉनेट उघडलं. उरलेला डबा सगळा इंजिनावर फासला होता मेल्याने. नवी गाडी, हप्ते चाललेले! म्हणाला, आता माझ्याही घरात तुझाच रंग." त्या हसल्या. "असा वास यायचा रे, इंजिन तापलं की! मागचे लोक काचा वर करायचे. आणि तो म्हणायचा, हे फक्त आपल्या दोघांचं."

आणि ते मी आंबट कोबीबरोबर गावाला वाढलं होतं.

मी आजूबाजूला बघितलं. भिंती पांढऱ्याफेक होत्या. घर लवकर विकलं जावं म्हणून दलालाने सगळीकडे पांढरा रंग मारून घेतला होता.

"मी आलोच," म्हणून मी धावत ऑर्व्हिल टीगांच्या घरी गेलो. त्यांच्या गॅरेजचं दार उघडंच होतं. ते गाडीपाशी उभे होते. "या, कुलास! बघा तरी!" म्हणत त्यांनी बॉनेट उचललं. आत नारिंगी रंग लखलखत होता. एकही डाग नाही, एकही केस नाही. "तुमची छटा! शंभर नंबरी!" खरवडलेला पिवळा रंग तरी सापडतोय का म्हणून मी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावलो. तो आदल्याच दिवशी रिकामा झाला होता. मला वाटत होतं त्यापेक्षा मी फारच कार्यक्षम निघालो होतो.

परत येऊन लॉटीबाईंना हे सांगणं मला जमेना. पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं.

"काढला ना त्याने?" त्यांनी विचारलं.

"मी काढायला सांगितला," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारायला मला जेवढे कष्ट पडले, तेवढे त्या सगळ्या तारा ओवायला पडले नव्हते. "मला लाज वाटते, लॉटीबाई. माफ करा म्हणायचीसुद्धा."

मांडीवरचा हातरुमाल खिशात कोंबून त्या उठल्या. "तुझ्याकडे रंग असतील ना? चल."

माझ्या तळघरात परकं माणूस कधी आलं नव्हतं. मी त्यांना माझी खुर्ची दिली, दिवा ओढला, बशीत पिवळा आणि पांढरा रंग काढला. ऑरेगनला जायची त्यांची तिकिटं दुसऱ्या दिवशीची होती.

"असा?"

"नाही रे. हा लिंबू झाला."

मी पांढरा टाकला. "असा?"

"ह्याला दवाखान्याचा वास येतोय." मग डोळे मिटून म्हणाल्या, "जरा मळका. टेबलावर राहिलेलं लोणी असतं ना, कडेला जरा गडद झालेलं."

मी एक थेंब तपकिरी टाकला, दुसरा टाकला. कितीतरी बशा झाल्या. वरून रोझलीने कॉफी आणून ठेवली आणि माझ्या खेळण्यांबद्दल एक अक्षरही न बोलता निघून गेली. शेवटी लॉटीबाईंनी एक बशी दिव्याखाली ओढली.

"हा," त्या म्हणाल्या.

मी सगळ्यात बारीक ब्रश उचलला. तारांना धक्का न लावता, मधल्या मधल्या फटीतून रंग कसा द्यायचा, ते मी मनात ठरवत होतो.

"दे इकडे," म्हणून त्यांनी तो माझ्या हातून घेतला. मग बाजूला ठेवून भिंती रंगवायच्या जातीतला, माझ्याकडचा सगळ्यात जाड ब्रश उचलला आणि बशीत बुडवला. पहिल्याच फटकाऱ्यात तारा बुडाल्या. दुसऱ्यात कार्ब्युरेटर गेला. तो मी हिरवळीवर चाळणीने शोधला होता. नळ्या गेल्या, फवारा गेला, एक लांब ओघळ रेडिएटरवरून खाली उतरला. मी फडकं घेऊन पुढे झालो.

"राहू दे," लॉटीबाईंनी माझा हात धरला. वाकून, डोळे अगदी जवळ नेऊन त्या त्या ओघळाकडे बघत होत्या. "इथेच आला होता. ह्याच बाजूला. मी म्हटलं, अरे पूस तो, तर म्हणाला राहू दे. आता बरोबर झालं बघ इंजिन."

मी भिंग लावून ती गाडी मोजली होती. वही भरून मापं घेतली होती. तो ओघळ मला दिसलाच नव्हता.